होऊ द्या

१

येत्या रविवारी आमचा ट्रेक आहे, आणि मला आत्तापासूनच दम धरवत नाही.

महिन्यातला एक रविवार आमच्या घरी ट्रेकचा, हा पायंडा मी पाडला. गडमुडशिंगीसारख्या गावात, दारात म्हशी बांधलेल्या घरातल्या बाईनं पायात बूट चढवून डोंगराला निघायचं, म्हणजे गल्लीला फुकटची करमणूक. आम्ही नसलो की शेजारचा पिराजी म्हशींच्या धारा काढतो. पहिल्या वेळी तो माझ्या बुटांकडे बघतच राहिला.

"वैनी, पोलीस भरतीला निघालायसा व्हय?"

"व्हय. पैला तुलाच धरनार हाय," मी म्हटलं.

घरात आम्ही चौघं. माझे सासरे हंबीरराव, त्यांना मी मामा म्हणते. पृथ्वीराज, म्हणजे आमचे मालक. त्यांचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मुलगी राजनंदिनी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, तिला आम्ही नंदू म्हणतो. आणि मी, निशिगंधा. माणसं चार, आणि जेवायची ताटं चार वेगवेगळ्या ठिकाणी. मालकांना रस्त्याकडेचा गोठा पाडून तिथं गोडाऊन बांधायचं होतं. मामा म्हणाले, "माझ्या माघारी बांध." तेवढ्यावरून बापलेकांचं बोलणं तुटलं. मामा बाहेरच्या सोप्यातून मला सांगणार, "त्याला म्हणावं पेंड संपलीया." मालक आतल्या खोलीतून मला सांगणार, "त्येंस्नी म्हणावं, सांगितलीया." दोघांच्या मधे एक भिंत, आणि पोस्टमन मी. नंदू कानात बोळे घालून मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली. जूनमध्ये ती पुण्याला जाणार होती. ती गेली की या घरात बोलायला कोण उरणार, या विचारानं मला जेवण जायचं नाही.

माझी कळंब्याची मैत्रीण पूर्णिमा नवऱ्याला आणि पोरांना घेऊन डोंगर चढायची. तिनंच मला गुरुमंत्र दिला. "डोंगरावर रेंज नसती, आणि दमल्यालं माणूस भांडत न्हाय."

मी त्याच आठवड्यात मंगळवार पेठेत जाऊन चार जोड बूट आणले.

२

राधानगरीच्या अंगाला, जंगल दाट होत जातं तिकडे, एक सडा आहे. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं उघडं, जांभ्या दगडाचं पठार. पायथ्याच्या वाडीत गाडी लावायची, कारवीच्या झुडपांतून चढायचं, ओढा ओलांडायचा, जांभळाच्या झाडाखाली चपटा दगड आहे तिथं जेवायचं आणि उन्हं कलायच्या आत उतरायचं. आमचे नियमही ठरलेले. मोबाइल गाडीतल्या डब्यात. मामा सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळे त्यांच्या चालीनं चालतात. त्यांच्या मागे मालक, मग नंदू. आणि कुणी मागे राहू नये म्हणून मी सगळ्यांत शेवटी.

पहिल्या ट्रेकला दोघं बापलेक मुक्यानंच चढले. ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावर मामांचा पाय सरकला आणि मालकांनी झटक्यात हात पुढे केला. "धरा की," म्हणाले. मामांनी हात धरला, आणि पलीकडे गेल्यावरही पाच-सहा पावलं सोडला नाही. मी कारवीत तोंड खुपसून रडून घेतलं. नंदूनं विचारलं तर म्हटलं, डोळ्यात कुसळ गेलं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. दुसऱ्या वेळी मामांनी लेकाला झाडं ओळखायला शिकवली. तिसऱ्या वेळी नंदूनं वर्गातल्या मास्तरांच्या नकला केल्या आणि मालक हसून हसून वाटेतच बसले. आदल्या रात्री सगळ्यांची नुसती धांदल. मामा स्वतःच्या हातानं बूट पुसून उंबऱ्याशी ओळीनं लावायचे. मला तर पहाटेची भाकरी थापतानासुद्धा गाणं सुचायचं. एवढं चांगलं चाललं होतं की मला त्याची दृष्ट काढावीशी वाटायची.

३

आमच्याकडे एक रीत आहे. उघड्यावर, शेताच्या बांधावर नाहीतर झाडाखाली जेवायला बसलं, आणि वाटेनं कुणी चाललं, तर त्याला "या जेवायला" म्हणायचं. ओळखीचा असो, नसो. आणि जाणाऱ्यानं "होऊ द्या" म्हणून पुढे जायचं. बोलावणाराला माहीत असतं की हा येणार नाही, आणि जाणाराला माहीत असतं की भाकरी मोजक्याच आहेत. तरी म्हटल्याशिवाय पहिला घास उचलत नाहीत. हे कुणी शिकवत नाही. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ऐकलेलं असतं.

चौथ्या ट्रेकच्या रविवारी आम्ही जांभळाखाली ताटल्या मांडल्या. भाकरी, झुणका, कांदा, आणि मिरचीचा खर्डा. मामांना कागदी प्लेटा चालत नाहीत, म्हणून जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटल्या मीच पाठीवर वाहते. मामांनी भाकरी मोडली, तेवढ्यात पलीकडच्या कारवीत पाचोळा वाजला. कुणीतरी वाटेनं येत होतं. पावलं जवळ आली आणि झुडपाच्या अलीकडे येऊन थांबली.

मामांनी वर न बघताच म्हटलं, "या पावणं, जेवायला."

उत्तर आलं नाही.

"ओ पावणं, या की," मालक मोठ्यानं म्हणाले. "खर्डा हाय."

काहीच नाही. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. नंदूला हसू फुटलं. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि रानाकडे बघून हाक मारली, "लाजू नगासा. भाकरी रग्गड हायत." आम्ही सगळेच हसायला लागलो. मीसुद्धा त्या भरात एक भाकरी वेगळी काढली, तिच्यावर खर्डा घातला आणि दगडाच्या कडेला ठेवून दिली. "घ्या," मी म्हटलं, "ताट बी वाढलं."

"गवा असंल," मामा म्हणाले. "तो कशाला बोलतोय?"

राधानगरीच्या रानात गवे आहेतच. वाडीतले लोक सांगतात, झुडपाआड उभा राहिला तर हाताच्या अंतरावर असूनही कळत नाही. मला ते पटलं. फक्त गवा थांबताना एक पाय जवळ ओढून दुसऱ्याशी जुळवतो का, एवढंच मनात राहिलं. कारण मी तसं ऐकलं होतं. माणूस दाराशी येऊन उभा राहतो तेव्हा तसा आवाज होतो.

निघताना दगडावरची भाकरी नव्हती. वानरं असतात तिथं.

४

उतरताना मी नेहमीसारखी शेवटी होते आणि माझ्यामागे कुणीतरी चालत होतं.

मी थांबले की थांबायचं. मी चालायला लागले की पाचोळा वाजायचा. उतारावर आपल्याच पावलांचा आवाज मागून येतो, हे मी स्वतःला समजावलं. मग पाठीवरच्या ताटल्या वाजत असतील, असं समजावलं. त्या मी टॉवेलात गुंडाळल्या, तर मागचा आवाज उलट स्पष्ट ऐकू यायला लागला. मला भीती वाटली असं नाही. त्या दिवशी सगळे एवढे खुशीत होते की भीती वाटायला जागाच नव्हती. पुढे मामा चक्क लावणीची ओळ म्हणत होते आणि मालक ठेका धरत होते. मी मागे वळून मात्र एकदाही बघितलं नाही.

वाडीत आलो. मालक गाडी चालवतात, मी त्यांच्या शेजारी बसते, मागे मामा आणि नंदू. मी दार लावलं तेव्हा मामा मागे म्हणत होते, "सरक की जरा, नंदू."

नंदू सरकली.

"बसली का समदी?" मालकांनी विचारलं.

"बसली, बसली. चल."

वाटेत मी आरशात बघितलं. मामा एका दाराला चिकटून बसले होते आणि नंदू दुसऱ्या दाराला. मधली जागा मोकळी होती. एवढ्या मोठ्या सीटवर दोघंही अंग चोरून बसले होते, आणि दोघंही हसत होते. मी म्हटलं, "अवं, नीट पसरून बसा की."

"बसलोय की नीट," मामा म्हणाले. गाडीला वळण आलं तेव्हा दोघंही एकाच वेळी थोडे बाहेरच्या बाजूला दाबले गेले.

५

घरी आल्यावर मामांनी जाहीर केलं की आज सगळ्यांनी सोप्यात पंगत मांडून एकत्र जेवायचं. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. किती वर्षांनी या घरात पंगत बसत होती. मी स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसले. आमच्यात करणारी बाई शेवटी जेवते, गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे असा सगळ्यांचा हट्ट असतो. त्यात मला कधी वाईट वाटलं नाही.

बाहेर हशा चालला होता. मामांचा खोकत खोकत, मालकांचा गडगडाटी, नंदूचा चिरका. आणि या तिघांच्या मधे आणखी एक आवाज बोलत होता. शब्द कळत नव्हते, नुसती चाल कळत होती, आणि ती चाल मला ओळखीची वाटत होती. टीव्ही लावला असेल म्हणून मी भाकरी घेऊन बाहेर आले. टीव्ही बंद होता. तिघं डोळे पुसत होते.

"काय झालं एवढं?"

"आता तूच सांगितलंस की," मालक म्हणाले. "त्या पिराजीचं. पोलीस भरतीचं."

मी ती गंमत सांगितली होती हे खरं, पण पहिल्या ट्रेकच्या दिवशी. मी भाकरी वाढली आणि आत आले. शेवटची भाकरी भाजून, हात धुऊन, पदर सारखा करून बाहेर आले आणि माझं ताट शोधायला लागले.

नंदूच्या शेजारी ते होतं. पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. ताटाच्या कडेला मिरचीचे देठ ओळीनं लावून ठेवले होते. देठ असे ओळीनं लावायची सवय घरात फक्त मला आहे. नंदू त्यावरून मला चिडवते.

"माझं ताट कुणी घेतलं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मामा मायेनं म्हणाले, "पोरी, जेवलीस की आता आमच्यासंगं. लई दमलीस तू."

मी हसले. दुसरं काय करणार? स्वयंपाकघरात उभ्यानंच भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. भूक तर सणसणून लागली होती.

६

मला थायरॉईड आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की विसरायला होईल. त्यामुळे त्या आठवड्यात मी प्रत्येक गोष्टीला थायरॉईडचा शिक्का मारत गेले.

नंदू म्हणाली, "आई, काल डोस्क्याला तेल लावलंस ते लई भारी वाटलं. मी तर तितंच झोपलो." आमच्याकडे पोरीसुद्धा "झोपलो"च म्हणतात. मी तेल लावलेलं नव्हतं. पण तिच्या केसांना तेलाचा वास येत होता, आणि वेणी मी घालते तशीच घट्ट होती.

मालक सकाळी दुकानाला निघताना दारात थांबले आणि माझ्याकडे बघून लाजल्यासारखे हसले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचे तसे. म्हणाले, "काल किती बोललो न्हवं आपण?" आदल्या संध्याकाळी मी गोठ्यात होते. आजारी म्हशीपाशी बसून तिला गूळ चारत होते. घरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

मी गोठ्यातून आले की सोप्यातलं बोलणं थांबायचं नाही. आणि हेच मला आत लागायचं. कुणी दचकत नव्हतं, कुणी काही लपवत नव्हतं. माझ्या घरात मला जे हवं होतं ते सगळं होत होतं. दर वेळी फक्त मी शेजारच्या खोलीत असायचे. खोलीत शिरले की तिथं बसकराची घडी दबलेली, चहाचा कप रिकामा, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर नुकत्याच उठून गेलेल्या माणसाशी बोलतानाचं हसू.

मग मामांनी मला बोलावलं. मालकही तिथंच बसले होते, बापाच्या शेजारी, एकाच पलंगावर.

"तू काल समजावलंस ते पटलं मला," मामा म्हणाले. "गोठ्याचा रस्त्याकडचा निम्मा भाग मोकळा करून देतो. त्यानं तितं गोडाऊन बांधावं. म्हशी मागच्या बाजूला ऱ्हातील."

दोन वर्षं मी या दोघांच्या मधे निरोप वाहिले होते आणि इतका साधा तोडगा मला सुचला नव्हता. माझे डोळे भरून आले. खरंच आनंदानं भरून आले. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, मामा बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या खांद्याच्या थोडं मागे बघत होते.

७

मी वेडी नाही. मी नीट विचार केला.

आपण बोलावलं होतं. एकदा नाही, तिघांनी तीनदा. वर मी ताट वाढलं होतं. आणि समोरून "होऊ द्या" आलं नव्हतं. "होऊ द्या" आलं असतं तर आमंत्रण तिथंच मिटलं असतं. ते मिटलं नव्हतं. ते तसंच उघडं राहिलं होतं, दार उघडं राहावं तसं.

मग मला वाटलं, ते शब्द कुणीतरी तिथं जाऊन म्हटले पाहिजेत. त्याच दगडापाशी, त्याच वाटेवरून येऊन. जो आला त्याच्या वतीनं मीच म्हणून टाकते. आपणच आपल्याला नाही म्हणायचं. हे स्वतःशी बोलताना मलाच हसू आलं, पूर्णिमाला फोन करून सांगावं असंही वाटलं. पण काय सांगणार? घर फार सुखात आहे, काहीतरी उपाय सुचव?

पुढच्या महिन्याची वाट न बघता मी त्याच रविवारी परत सड्याला जायचा हट्ट धरला. सगळे एका पायावर तयार झाले. मामांनी बूट पुसून उंबऱ्याशी लावले. मी सकाळी बाहेर आले तेव्हा माझे बूट कुणीतरी आत्ताच पायातून काढल्यासारखे कोमट होते.

८

चढताना मी शेवटी होते आणि त्या दिवशी माझ्यामागे कुणी चालत नव्हतं. पाचोळा माझ्याच पावलांनी वाजत होता. मला इतकं हलकं वाटलं की मी शिट्टी वाजवली. कदाचित नुसतं यायचा विचार केला तेवढ्यानंच मिटलं असेल, असंही वाटून गेलं.

जांभळाखाली ताटल्या मांडल्या. ऊन होतं म्हणून मी माझं जांभळं जॅकेट काढून दगडावर ठेवलं. भाकरी सोडल्या आणि म्हटलं, "तुम्ही सुरू करा, मी ओढ्यातनं बाटली भरून आणते."

"लवकर ये, आई," नंदू म्हणाली. हे तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं, म्हणून मला ते नीट आठवतं.

मी ओढ्यापर्यंत गेले, बाटली भरली, आणि सरळ परत न येता वळसा घालून कारवीच्या पलीकडच्या वाटेवर आले. त्या दिवशी पावलं आली होती त्याच वाटेवर. चालत झुडपापाशी पोचले. तिथं थांबले, आणि माझा एक पाय आपोआप दुसऱ्याशी जुळला.

फांद्यांतून पंगत दिसत होती. मामा माझ्याकडे तोंड करून, मालक त्यांच्या डाव्या हाताला, नंदू उजव्या. आणि माझ्याकडे पाठ करून चौथं कुणीतरी. जांभळं जॅकेट घातलेलं. भाकरी मोडून एकेकाच्या ताटात वाढत होतं. मामांना आधी, मग नंदूला. मी वाढते तसं. हात मला दिसला. मनगटापर्यंत तो माझाच होता, हिरव्या बांगड्यांसकट. त्याच्या वर बाहीत काय होतं ते मी बघितलं नाही. बघता आलं असतं. मी नंदूकडे बघितलं, कारण ती त्या खांद्यावर डोकं टेकून खदखदून हसत होती.

मामांनी पाचोळ्याचा आवाज ऐकला असणार. त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि थेट माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती. अनोळखी माणसाला दाखवतात ती माया होती.

"या पावणं, जेवायला."

माझ्या घशाशी एकच गोष्ट आली होती. मामा, मी हाय, निशिगंधा, ती कोण बसलीय बघा की. हे मला ओरडायचं होतं. जे म्हणायला मी आले होते ते मला आता मुळीच म्हणायचं नव्हतं. पण कुणी "या जेवायला" म्हटलं की जीभ विचार करायला थांबत नाही. लहानपणापासून हजार बांधांवरून जाताना जे म्हटलं तेच तिनं म्हटलं.

"होऊ द्या."

मामांनी समाधानानं मान हलवली आणि खाली बघून घास उचलला. मालकांनी उचलला. नंदूनं उचलला. मग पाठमोऱ्या त्या कुणीतरी, सगळ्यांना वाढून झाल्यावर, सगळ्यांच्या शेवटी, पहिला घास घेतला.

९

मी त्यांच्या मागे उतरले. हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. ओळीत शेवटी जांभळं जॅकेट चाललं होतं आणि ते एकदाही मागे वळलं नाही. वाडीच्या अलीकडे नंदू थांबली, रानाकडे वळून बघत राहिली. मी तिच्यापासून दोन हातांवर होते.

"काय गं?" मालकांनी विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "गवा असंल."

गाडीत मागे मामा आणि नंदू ऐसपैस बसले. पुढचं दार लागलं आणि गाडी गेली.

मागच्या महिन्यात ते आले होते. माझा पायंडा मोडलेला नाही, हे बघून मला भरून आलं. गोडाऊनचा पाया खणून झालाय म्हणे. मालकांचं थोडं पोट सुटलंय. मामांनी भाकरी मोडली, कारवीकडे मान वर केली, ओठ उघडले. मी झुडपाशी अगदी तयार उभी होते. तेवढ्यात बांगड्यांचा हात पुढे आला आणि त्यांच्या ताटात झुणका पडला. "जेवा मामा," माझा आवाज म्हणाला, "उशीर हुतोय." आणि मामा जेवायला लागले. तिला माहीत आहे. तिनंही इथं उभं राहून वाट बघितली असणार, कुणाच्या तरी पंगतीची. तिचं घर कोणतं होतं, ते आता मला विचारावंसं वाटत नाही.

निघताना नंदू जरा रेंगाळली. तिनं उरलेली अर्धी भाकरी खर्डा लावून दगडाच्या कडेला ठेवली. "कशाला?" मालक म्हणाले. "असू दे की," ती म्हणाली. ते वळणाआड गेल्यावर मी ती खाल्ली. खर्डा चांगला झाला होता. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला. मला फार राग आला आणि मी त्यात राहिलेला मिरचीचा देठसुद्धा चावून खाल्ला.

बाकी इथं काही त्रास नाही. भूक तेवढी लागते.

आता हा रविवार. नंदू पुण्याला जायच्या आधी कदाचित हा शेवटचाच, म्हणजे सगळे येणार, आणि सगळे खुशीत असणार. मी सकाळपासून वाटेवर असेन. पाचोळा चांगला वाळलाय, एक पाऊल टाकलं तरी ऐकू जाईल. ती एका वेळी एकाचंच तोंड बंद करू शकते. मामांना घास देईल तर मालक म्हणतील. मालकांना देईल तर नंदू म्हणेल. माझी नंदू म्हणेलच, तिला रानाकडे बघून हाक मारायची खोड आहे. तिला तसं मीच वाढवलंय, वाटेवरच्या माणसाला विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

ह्या वेळी मी होऊ द्या म्हणणार नाही. जीभ दातांखाली धरून गप्प उभी राहीन. मग सगळ्यांच्या मागून खाली उतरेन, आणि गाडीत मामा नंदूला म्हणतील, सरक की जरा.